नमस्कार न करणारं मशीन

"ह्याचं टुक किती वेळानं वाजतं?" बाईंनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. फोन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग गॅरंटी विचारतं, आणि शेवटी पुण्यात हाच फोन स्वस्त मिळतो असं सांगून आपल्याला जोखतं. टुकाबद्दल आजवर कोणी विचारलं नव्हतं. कराडच्या दत्त चौकात माझं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं, आणि हा खटावकर टकल्यालाही कंगवा विकेल अशी माझी ख्याती होती. निदान मी तरी तसं समजत होतो. ही गोष्ट दोन हजार एक सालची. मोबाइल तेव्हा डॉक्टरांच्या नि बिल्डरांच्या खिशात असायचे. बाकीच्यांनी हौस म्हणून घ्यायचा तो कॉर्डलेस, म्हणजे बिनवायरचा रिसीव्हर कानाला लावून घरभर फिरायचं. त्यातही आन्सरिंग मशीनवाला असला तर विचारायलाच नको. आपण घरी नसलो की मशीन आपल्याच आवाजात दोन वाक्यं बोलतं, मग टुक असं वाजतं, आणि त्यानंतर समोरचा जे बोलेल ते भरून ठेवतं.

"आपलं बोलणं संपलं की लगेच वाजतं, वहिनी. पण हे मॉडेल बघा, ह्याला ना..."

"लगेच म्हंजे किती? वाजवून दावा."

मी वाजवून दाखवलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग दुसरा सेट, मग तिसरा. पाच सेट झाले. पंचेचाळिशीच्या, अंगानं बारीक, सुती पातळ, पायात साध्या चपला. मनगटावर मात्र पुरुषी घड्याळ, आणि दर दोन मिनिटांनी त्या घड्याळाकडे बघत होत्या. एस.टी. गाठायची असेल असं मला वाटलं. मी सगळ्यात भारी सेट पुढे सरकवला आणि त्याची स्तुती सुरू केली. जपानी आवाज, निळा दिवा, दहा नंबर लक्षात ठेवतो, असं बरंच काही मी एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाइट गेल्यावर ह्यो बोलतो का?"

हा प्रश्न कोणी विचारू नये असं मला नेहमी वाटायचं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज मनात येईल तेव्हा जायची, आणि वीज गेली की निळ्या दिव्याचा जपानी सेट मुका व्हायचा. मी म्हणालो, हल्ली वीज फारशी जात नाही. बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. अखेर मी कोपऱ्यातला एक करडा, जाडजूड, साधा सेट काढला. दिसायला अगदीच गबाळा, पण पोटात सेल घालायची सोय होती. शिवाय बाहेरच्या कुठल्याही बूथवरून आपल्याच घरी फोन लावून दोन आकडे दाबले की भरलेले निरोप ऐकता येत. तो वर्षभर तिथं पडून होता.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "पण आज न्हाई नेत. घरी लावून बघितल्याबिगर न्हाई. तुमी येता का उद्या? पाटबंधारे कॉलनीत डुबलांचं घर कुणीबी दावंल."

मग मात्र माझी ट्यूब पेटली. बाजीराव डुबल कोणाला ठाऊक नव्हते? कालव्यावर चौकीदार होते आणि पंचक्रोशीत कुठंही साप निघाला की स्कूटर काढून निघायचे, पकडून लांब डोंगरात सोडून यायचे, कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. वर्तमानपत्रात त्यांचे फोटो यायचे, खाली सर्पमित्र असं लिहिलेलं. तरुण मंडळानं पुढाकार घेऊन त्यांच्या घरी फोन बसवला होता आणि तो नंबर गावोगावच्या दुकानांत भिंतीवर लिहिलेला असायचा. डुबलांना सगळे ओळखत होते. तो फोन उचलतं कोण, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ह्या उचलत होत्या, रत्नमालावहिनी. अकरा वर्षं. आजही नवऱ्याला फोनपाशी बसवून त्या तासाभरासाठी बाहेर पडल्या होत्या, म्हणून ते घड्याळ. त्यांनी मला थोडक्यात सांगितलं. एकुलती लेक वैजयंता बार्शीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं बजावलेलं, मग प्रवास कुठला. तिला सासू नाही, नवरा गिरणीत पाळीवर जातो. तेव्हा आईनंच तिकडं जायचं, महिनाभर, आणि तेही ऐन जुलैत, जेव्हा बिळांत पाणी शिरतं आणि फोन दिवसाला आठ-दहा वेळा वाजतो.

"हे रजा काढणार हायत," वहिनी म्हणाल्या. "पर हे सापामागं बाहेर असत्यात. घरात फोन कुणी घ्यायचा? माझ्या जागी हे मशीन बसंल का, एवढंच मला बघायचंय. बसलं तर मी जाईन. न्हाई तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी करडा सेट घेऊन गेलो. दोन खोल्यांचं सरकारी घर. फोन स्वयंपाकघराच्या दारात एका स्टुलावर ठेवलेला, आणि त्याची वायर जिथवर पोचेल तिथवरच त्या घरातला सगळा संसार होता. चूल, पाट, निवडायचं सूप, शिवणाचं मशीन, सगळं त्या स्टुलाभोवती. शेजारी एक वही, तिच्यात वाड्यावस्त्यांवरच्या किराणा दुकानांचे, पिठाच्या गिरण्यांचे नंबर. नवरा कुठल्या रस्त्यानं निघालाय ते धरून त्या वाटेवरच्या दुकानात फोन करायच्या, आणि दुकानदार डुबलांची स्कूटर अडवून पुढचा पत्ता द्यायचा.

मी पेटी उघडतोय तोवर फोन वाजला. त्यांनी पहिल्या घंटेला उचलला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण ओरडा मात्र लांबूनही कळत होता.

"कुणाला चावलंय का?" हा पहिला प्रश्न. उत्तर नाही असं आलं असावं. "बरं. गाव? जवळचं दुकान कुठलं? नाव सांगा. आता मला सांगा, जित्राब ह्या घटकेला दिसतंय का? पाळण्याखाली? पाळण्यात बाळ हाय का? न्हाई. मग भ्यायचं काय न्हाई. हातातली काठी खाली ठेवा. ठेवली? मला ठेवल्याचा आवाज आला न्हाई."

मी हातातलं काम टाकून ऐकत राहिलो. बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. एकाला दारातून लांबूनच नजर ठेवायला सांगितलं, बाकीच्यांना बाहेर काढलं. आणि मग त्यांनी एक अजब गोष्ट सांगितली. "शेजारच्या घरी चहा ठेवा. आमचे हे आल्या-आल्या चहा घेत्यात. बिनसाखरेचा. ध्येनात ठेवा, साखर चालत न्हाई त्यास्नी. सगळ्या बायका तिकडं जावा नि नीट बघून करा."

फोन ठेवून त्यांनी वहीतल्या एका गिरणीला फोन लावला, नवऱ्याला निरोप पाठवला आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या. मी म्हणालो, डुबलांना मधुमेह आहे हे मला माहीत नव्हतं.

"कुठला मधुमेह? ते चहा पीतच न्हाईत." त्या किंचित हसल्या. "नुसतं भाईर जा म्हटलं तर कुणी जात न्हाई, भाऊ. सगळी खोलीत दाटी करून बघत बसत्यात. चहा ठेवा म्हटलं की बायका हलत्यात, बायकांमागं पोरं हलत्यात. आणि बिनसाखरेचा म्हटलं की त्यात ध्यान गुततंय."

"आणि डुबल येऊन काय करतात?"

"काय करत्यात? पित्यात. मला शिव्या घालत पित्यात."

मी दुकानदार माणूस. माणसाचं लक्ष कुठून काढून कुठं गुंतवायचं, हाच माझा धंदा. ही सातवी शिकलेली बाई त्यात माझी गुरू शोभली असती, हे मी तिथंच मनोमन कबूल केलं. फक्त मी ते फोन विकायला वापरत होतो आणि त्या माणसं वाचवायला.

मशीन जोडलं. त्यात भरायचं बोलणं मीच बोललो, कारण आपला आवाज रेडिओच्या तोडीचा असा माझा समज होता. "नमस्कार. आपण डुबल यांच्या निवासस्थानी दूरध्वनी केला आहे. कृपया टुक असा आवाज आल्यानंतर आपला निरोप द्यावा." वहिनींना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. ठरलं असं की तासभर फोन उचलायचा नाही, मशीनला घेऊ द्यायचा, आणि आपण शेजारी बसून ऐकायचं.

पहिला फोन लेकीचाच आला. माझा नमस्कार झाला, टुक वाजलं, आणि खोलीत एका तरुण मुलीचा आवाज आला. "आई, आता फोनवर बोलायचंपण सोडलंस का? डोहाळजेवणाला आली नाहीस. लोक विचारत होते, आई आहे ना हिला? मी म्हटलं, आहे, पण तिला सापांचं करायचं असतं. तुझ्या सापांना सांग, वैजूनं विचारलंय म्हणून."

वहिनींनी फोन उचलला. "वैजू, यायलीय मी. मशीनचं बघायलीय. पडून रहा. आणि आता लाइन मोकळी ठेव." बस, एवढंच. ठेवलाही. मला ते जरा कडकच वाटलं. पोर पलंगाला खिळलेली, त्यात पहिलटकरीण, चार शब्द गोड बोलायला काय हरकत होती? पण परक्याच्या घरात आपण काय बोलणार?

निरोप तर नीट भरला गेला होता, म्हणून मी खूश होतो. मग वीसेक मिनिटांनी दुसरा फोन आला. माझा आवाज म्हणाला, नमस्कार. पुढचं सगळं मशीन बोललं, टुक वाजलं, आणि एका पुरुषाचा आवाज ऐकू आला. "बरं बरं. या मग बिगीनं. आमी थांबलोय हितंच." आणि खट.

वहिनींनी झडप घालून फोन उचलला, पण नुसता डायलटोन. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "गाव?" जणू मला ठाऊक असणार. मी निरोप पुन्हा वाजवला. पुन्हा तेच, या मग बिगीनं. काय झालं ते माझ्या लक्षात आलं. मशीन नमस्कार म्हणालं, त्यानं नमस्कार केला. मशीन पुढं बोलत राहिलं, आणि त्यावरच त्यानं आपलं गाव, दुकान, नाव, साप कुठं आहे, सगळं सांगून टाकलं. टुक वाजेपर्यंत त्याचं सांगून संपलं होतं. आलेला नंबर दिसायची सोय तेव्हा आमच्या एक्स्चेंजला नव्हती. कुठल्या तरी घरात कोणी तरी सापावर नजर लावून डुबलांची वाट बघत उभा होता, आणि ते घर कुठलं हे जगात कोणाला सांगता येत नव्हतं.

ती पन्नास मिनिटं मी विसरणार नाही. वहिनी फोनवर हात ठेवून बसून होत्या. तांदळाचं सूप तसंच. मी दोनदा काहीतरी धीराचं बोललो, त्यांच्या कानात ते शिरलं नाही. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. शेवटी फोन वाजला, तोच माणूस होता, अजून का आला नाहीत म्हणून विचारत होता. सगळे सुखरूप होते. साप वैरणीच्या ढिगाखाली गेला होता, आणि नंतर कळलं की ती बिनविषारी धामण होती. वहिनींनी पत्ता घेतला, गिरणीला कळवलं. मग उठल्या, करड्या सेटच्या पिना काढल्या, वायर नीट गुंडाळली, पेटीत घातली आणि पेटी माझ्यापुढं ठेवली.

"न्या भाऊ. मी न्हाई जात."

"अहो वहिनी, एक फोन हुकला म्हणून काय..."

"एकच हुकतो, भाऊ," त्या म्हणाल्या.

पेटी घेऊन फाटकाशी आलो तर डुबल स्कूटर लावत होते. माझ्या हातातल्या पेटीकडं त्यांनी बघितलं आणि काय ते ओळखलं. फोटोत छाती काढून नाग धरणारा तो माणूस प्रत्यक्षात अगदीच अबोल होता. त्या भेटीत तो एकच वाक्य बोलला. "काय तरी करा, पर तिला जाऊ द्या."

मी काय करणार, कपाळ? त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. बायकोला, सुलभाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमची जीभ आवरली असती तर बरं झालं असतं. हे तिनं लग्नापासून हजार वेळा म्हटलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी उलटून बोललो नाही.

सकाळी दुकानाचं शटर वर करतो तो वहिनी पायरीवर उभ्या. हातात घड्याळ.

"तासभर हाय," त्या म्हणाल्या. "भाऊ, चूक मशीनची न्हवं. तुमी नमस्कार केला. नमस्कार केल्यावर माणूस नमस्कार करतंय, आणि एकदा तोंड उघडलं की मग थांबतंय व्हय? आपल्याकडं कुणी फोनवर गप उभं राहत न्हाई. तवा नमस्कार करायचा न्हाई. हॅलो म्हणायचं न्हाई. कुणाला उत्तर द्यावंसं वाटंल असा एकबी शब्द पयला नको."

मी म्हणालो, पण लोकांना ते उद्धट वाटेल. त्या म्हणाल्या, वाटू दे.

मशीनमध्ये वीस सेकंद बोलणं मावायचं. वीस सेकंदांत अकरा वर्षांचं काम बसवायचं होतं. त्या काउंटरवर बसून एकेक वाक्य म्हणत, मी घड्याळ लावत असे. पंचवीस सेकंद झाले, एक शब्द गाळला. तेवीस, आणखी एक. मला जे गाळावंसं वाटायचं ते त्या ठेवत आणि मला जे छान वाटायचं ते आधी कापत. "कृपया" गेलं, "आपला" गेलं. चहा काढून टाकू म्हटलं तर म्हणाल्या, एक वेळ माझं नाव काढा. आणि खरंच त्यांनी आपलं नाव काढून टाकलं.

मग परीक्षा. शेजारच्या शिंप्याला, गुलाब मुलाणीला, कोपऱ्यावरच्या बूथवर पाठवला आणि सांगितलं, तुझ्या दुकानात नाग निघालाय असं समज आणि फोन कर. नाग खोटा आहे हे ठाऊक असूनही तो मशीनवर बोलू लागला. पहिला शब्द बदलला. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सुलभाला घरून फोन करायला लावला, तीही मध्येच बोलली. असे चार दिवस चाललं, रोज एक तास. रोज वहिनी नवं वाक्य ठरवून यायच्या आणि रोज ते कुठं तरी चुकायचं, पण मी त्यांना एकदाही चिडलेलं पाहिलं नाही. "पब्लिक शहाणं न्हाई असं म्हणून चालत न्हाई," त्या म्हणायच्या, "भ्यालेलं माणूस शहाणं नसतंयच." पाचव्या दिवशी मुलाणी बूथवर गेला आणि परत येऊन म्हणाला, काय हो, मी काही बोललोच नाही बघा, टुक वाजेपर्यंत तोंडच उघडलं नाही माझं.

ते बोलणं मला आजही पाठ आहे. "थांबा. चावलं असंल तर फोन ठेवा, सरकारी दवाखाना गाठा. चावलं नसंल तर काठी खाली ठेवा आणि गप उभं रहा. हे मशीन हाय. टुक वाजलं की बोला. आधी गाव, मग दुकान, मग नाव. एकानं लांबून नजर ठेवा. शेजारी चहा ठेवा, बिनसाखरेचा. हे निघाल्यात."

पहिलंच 'थांबा' त्यांनी असं म्हटलं होतं की रस्त्यावरचा बैलही उभा राहावा. आणि शेवटचं 'हे निघाल्यात' इतकं सावकाश, की ऐकणाऱ्याला स्कूटर दारात आल्यासारखं वाटावं. मग मशीन पुन्हा घरी जोडून तीन दिवस त्यांनी स्वतः फोनपाशी बसून, न उचलता, खऱ्या फोनांवर ते तपासलं. तेवीस फोन आले. तेवीसच्या तेवीस लोकांनी गाव सांगितलं. मगच त्यांनी बार्शीचं तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी त्या मशीनसाठी जादा सेल घ्यायला दुकानात आल्या. एस.टी.ला अवकाश होता, म्हणून मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. बाकावर बसलो. पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतविडा. हातावर आज घड्याळ नव्हतं, ते मशीनशेजारी डुबलांसाठी ठेवून आल्या होत्या. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. मी म्हणालो, "वहिनी, आता गेल्यावर लेकीला एकदा समजावून सांगा. अकरा वर्षं तुम्ही घर का सोडलं नाही ते. तिला वाटतं तुम्हाला तिच्यापेक्षा फोन जवळचा. एखादा फोन हुकला असेल तुमचा, त्याची भीती बसली असेल, असं काहीतरी असणार. सांगा ना तिला."

 एक गाडी लागली आणि गेली.

"माझा न्हवं हुकला," त्या म्हणाल्या. "फोन नवा होता. मी थोरल्या भणीकडं हळदीला गेलते. वैजूला म्हटलं, कुणाचा आला तर लिहून घे. बारा वर्साची होती. फोन आला, तिनं बरं म्हटलं. भाईर पोरी लंगडी खेळत होत्या. गेली खेळायला. सांजच्याला मी आले तर म्हणती, आई, कुणाचा तरी आलता, गाव इसरले." त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "वस्तीवरची पोर होती. हिच्याच वयाची. घरातल्यांनी आमची वाट बघत दवाखान्याला न्यायला उशीर केला."

मी पिशवीच्या त्या गाठीकडं बघत राहिलो.

"वैजूनं विचारलं, त्या फोनचं काय झालं? हे म्हणाले, काय न्हाई, साप निघून गेला आपला आपण. इसरली ती. तवापासनं मीच बसते. तिनं पुन्यांदा त्या फोनला हात लावायचा न्हाई, तिला कधी कुणी त्या फोनचं काय सांगायचं न्हाई, म्हणून."

"पण वहिनी, ती तुमच्यावर रागावलीय. डोहाळजेवणाचं मनाला लावून घेतलंय तिनं. तुम्ही सांगितलंत तर तिचा राग जाईल."

"राग जातोच की भाऊ," त्या म्हणाल्या. "हे गेलं नसतं."

बार्शीची गाडी लागली. त्यांनी माझ्याकडून वचन वगैरे काही घेतलं नाही. पिशवी उचलली, खिडकीची जागा धरली आणि मला म्हणाल्या, सेल महिन्यानं बदला, इसरू नका.

मशीननं काम केलं. डुबल दर तासाला बूथवरून आपल्या घरी फोन लावायचे, दोन आकडे दाबायचे आणि निरोप ऐकून पुढं निघायचे. महिन्याभरात दोनशेच्या वर फोन आले, त्यातला एकही बिनपत्त्याचा नव्हता. डुबल मात्र चहाला पार वैतागले. दुकानात येऊन मला म्हणाले, बाई बार्शीला गेली तरी मला बिनसाखरेचा सुटला नाही. ते माझ्याशी बोलले ते हे दुसरं वाक्य.

स्टँडवरचं ते बोलणं मी चोवीस वर्षं कोणाला सांगितलं नाही, सुलभालासुद्धा नाही. आज लिहितो आहे तेही नावं, गाव, लेकीचं सासर, सगळं बदलून. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं.

सप्टेंबरात वैजयंता सव्वा महिन्याची मुलगी घेऊन माहेरी आली आणि मायलेकी दुकानात आल्या. वहिनींच्या खांद्यावर नात होती, त्या तिच्या पाठीवर थोपटत होत्या. वैजयंता हसरी, बोलघेवडी मुलगी. राग कुठल्या कुठं गेला होता. ती मला म्हणाली, तुमचे आभार मानायला आलेय, तुम्ही माझ्या आईला घराबाहेर काढलंत. मग हसत हसतच, पण माझ्या डोळ्यांत बघून, तिनं विचारलं, "खरं सांगा हं भाऊ. अकरा वर्षं ही घरातून हलली नाही. मी विचारलं की विषय बदलते. तुमच्याशी तर इतकं बोलली म्हणे. का हो अशी बसून राहिली ही?"

वहिनींचा नातीच्या पाठीवरचा हात थांबला.

मी काउंटरवरचं फडकं उचललं आणि समोरचा सेट पुसायला लागलो. "का म्हणजे काय?" मी म्हणालो. "असलं मशीन तेव्हा निघालं कुठं होतं?"

"हो, तेही खरंच," वैजयंता म्हणाली.

वहिनींचा हात पुन्हा थोपटायला लागला, आणि त्यांनी मला सेल दाखवायला सांगितले.